लोखंडावरचा आळ

सुट्ट्या लागल्या की कोल्हापुरातल्या जिममध्ये चौदा-पंधरा वर्षांची पोरं दिसायला लागतात, आणि त्याच आठवड्यात घरोघर एक वाक्य सुरू होतं : "वजनं उचलू नको, गिड्डा राहशील." आजी म्हणते, शेजारचे काका म्हणतात, शाळेतले सर म्हणतात. वाईट याचं वाटतं की काही डॉक्टरही म्हणतात.

हे वाक्य खोटं आहे. नीट शिकून, झेपेल एवढ्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे कुणाची उंची खुंटली, असा पुरावा जगात कुणाकडे नाही. शोधणाऱ्यांनी पन्नासेक वर्षं शोधला, सापडला नाही. तरीही ज्या गावात पेठेपेठेत तालीम आहे, त्या गावात हे वाक्य खपतं, याचा मला राग येतो.

शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. तेव्हापासून आजपर्यंत या शहरात किती पोरं आठव्या-दहाव्या वर्षी लंगोट लावून हौदात उतरली, त्याची मोजदाद नाही. पहाटे उठायचं, फावड्याने माती उकरायची, जोर मारायचे, बैठका काढायच्या, दोरी चढायची, मुद्गल फिरवायचं, मग जोडीदाराला उचलून टाकायचं. पंचेचाळीस किलोचं पोरगं पन्नास किलोच्या पोराला खांद्यावर घेतं. तो पन्नास किलोचा भार जिवंत असतो, हलतो, सुटायला धडपडतो. जिममधला पन्नास किलोचा बार निदान जागेवर तरी राहतो. भाराने उंची मरत असती तर गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून सरसकट बुटकी माणसं बाहेर पडली असती.

बाहेर कोण पडलं ते बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत, ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. चणीने लहान माणूस, वडीलही पैलवान, लहानपणापासून मातीत. आता दुसरीकडे बघा. सीमाभागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटात एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. धिप्पाड माणसं. शहर तेच, माती तीच, जोर-बैठका त्याच. एक ५७ किलोत लढतो, दुसरा सगळ्यात वरच्या गटात. तालमीने कुणाला आखूड केलं नाही की कुणाला लांब केलं नाही. ज्याला जेवढं अंग मिळालं होतं, तेवढ्यात तिने ताकद भरली.

कुस्ती म्हणजे वजनं उचलणं नव्हे, असं कुणी म्हणेल. ठीक आहे. मग शिरोळ तालुक्यात चला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं कुरुंदवाड हे छोटं गाव. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला वेटलिफ्टिंगची जी पदकं मिळाली, त्यातली तीन ब्राँझ या एका गावातली : गणेश माळी ५६ किलोत, ओंकार ओतारी ६९ किलोत, चंद्रकांत माळी ९४ किलोत. इथली पोरं शाळकरी वयातच बार हातात घेतात. ५६ किलोचाही माणूस तिथलाच आणि ९४ किलोचाही तिथलाच. लोखंडाने वाढ थांबते म्हणणाऱ्याने हा फरक समजावून सांगावा.

चार नामवंतांची नावं घेतली म्हणजे सिद्ध झालं, असं मी म्हणत नाही. नामवंत नेहमी निवडून आलेले असतात. ज्याला खेळ मानवला नाही तो यादीत येत नाही. म्हणून शरीराच्या आत काय घडतं, तिकडे वळू.

मुलाचं लांब हाड टोकांजवळ वाढतं. तिथे कूर्चेची एक पातळ चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यात नव्या पेशी तयार होत राहतात, त्यांचं हाड होत जातं आणि हाड लांबतं. वयात येताना शरीरातली संप्रेरकं या चकत्यांना आधी जोर देतात आणि मग हळूहळू बंद करतात. मुलींच्या साधारण चौदा-पंधराव्या वर्षी मिटत येतात, मुलांच्या सोळा-सतराव्या. एकदा मिटल्या की उंची संपली. मग कितीही लोंबकळा.

भीतीचं मूळ या चकतीत आहे. ती हाडापेक्षा नाजूक असते हे खरं. तिथे मोडलं आणि वाईट मोडलं तर त्या हाडाची वाढ बिघडू शकते हेही खरं. पण दोन गोष्टी सोयीने विसरल्या जातात. पहिली अशी की मुलांच्या या चकत्या बहुतेक वेळा पडल्यामुळे मोडतात : सायकलवरून, झाडावरून, मैदानात. आणि दुसरी, मनगटाची चकती बिघडली तर मनगटाजवळचं ते एक हाड बिघडेल, सगळा माणूस आखूड होणार नाही. अख्खी उंची खुंटायला दोन्ही पायांतल्या आणि मणक्यातल्या चकत्या एकदम थांबाव्या लागतील. बैठका मारून तसं होत नाही.

उलट भार हा हाडाचा खुराक आहे. हाडावर ताण आला की ते घट्ट होतं. प्रौढ वयात आपल्या हाडांत जेवढं खनिज असतं, त्यातलं जवळजवळ पाव ताड-माड वाढण्याच्या त्या दोन वर्षांत साठतं, मुलींच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांच्या चौदाव्याच्या. म्हणजे ज्या दोन वर्षांत हाडाला भार सगळ्यात जास्त मानवतो, नेमक्या त्याच वर्षांत आपण पोराच्या हातातलं डंबेल काढून घेतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये हे लेखी सांगितलं : देखरेखीखाली, नीट आखलेला ताकदीचा व्यायाम मुलांची उंची कमी करत नाही, ग्रोथ प्लेटला इजा करत नाही. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून तेच म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट होतील असं काही करावं. यातला एकही कागद नवा नाही, गुप्त नाही. आपल्याकडे तो उघडला जात नाही एवढंच.

मग हा समज आला कुठून? बराचसा डोळ्यांनी आणला. टीव्हीवर वेटलिफ्टर दिसतात, ते बुटके दिसतात. मीराबाई चानू लहानपणी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायची, पुढे तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोत रौप्य जिंकलं, आणि तिची उंची पाच फुटांच्या आत. झालं, लोकांनी जोडलं. पण आखूड हात-पाय असलेल्या माणसाला बार कमी अंतर उचलावा लागतो, म्हणून तो या खेळात टिकतो. जिम्नॅस्टही लहान चणीचे असतात, कारण हवेत फिरायला लहान अंग सोयीचं. बास्केटबॉलवाले उंच असतात तेव्हा "बास्केटबॉलने उंची वाढते" म्हणून आपण पोराला तिकडे पाठवतो. चूक तीच, फक्त उलटी. खेळ माणसाला त्याच्या चणीप्रमाणे निवडतो.

दुसरं कारण गंभीर आहे आणि त्यावर थांबायला हवं. १९६० च्या दशकात जपानी संशोधकांनी दुर्गम भागातल्या मुलांची पाहणी केली. ती मुलं कष्टाची ओझी वाहत होती आणि त्यांची उंची कमी होती. जगाने यातलं ओझं उचललं आणि "वजनाने उंची खुंटते" असं म्हणायला सुरुवात केली. त्या मुलांचं दारिद्र्य, अपुरं जेवण, अपुरी झोप, सगळं गळून पडलं. दिवसभर राबणारं अर्धपोटी पोरगं आणि आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास बैठका मारून घरी दूध पिणारं पोरगं यांना एका रांगेत उभं करणं हा अन्याय आहे. तो त्या राबणाऱ्या पोरावर जास्त आहे, कारण त्याचं दुखणं भूक होतं आणि आपण नाव दिलं वजनाचं.

तिसरं कारण घरच्या घरी दिसतं. सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भाराने किंचित दबतात, रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. जड वजन घेऊन बैठका मारल्या तर त्या दिवशी त्या थोड्या जास्त दबतात. संध्याकाळी जिममधून आलेल्या पोराला भिंतीला उभं करून मोजलं आणि सकाळच्या खुणेपेक्षा कमी भरलं की घर घाबरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. सगळं परत आलेलं असतं.

आणि फुटबॉलचं काय? या शहराचं फुटबॉलवेड देशाला माहीत आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. कुस्तीच्या तालमींनीच इथे फुटबॉलचे संघ उभे केले. पळताना, उडी मारून खाली येताना पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तोही वेडावाकडा आणि अचानक. पाय मोडतात, गुडघे जातात. तरी कुठली आई "फुटबॉल खेळू नको, गिड्डा राहशील" म्हणत नाही. म्हणूही नये. पण जो भार मैदानात चालतो तो जिममध्ये, हळू आणि मोजून दिलेला, का चालत नाही?

कोल्हापूर जिल्ह्यात ही भीती एवढी घट्ट का, याचं खरं कारण मला भरतीत दिसतं. सैनिक टाकळीसारखी गावं या जिल्ह्यात आहेत, जिथे घराघरात फौजी. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगडकडची पोरं बारावी झाली की पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीला मुलाला १६५ सेंटिमीटर लागतात, मुलीला १५५. एका सेंटिमीटरने पोरगं बाद होतं आणि घराचं सगळं गणित मोडतं. अशा घरात "वजन उचललं तर उंची जाईल" हे वाक्य विषासारखं काम करतं. ताकद कमवायच्या वयात पोरगं ताकदीपासून लांब राहतं, मग गोळाफेकीत मार्क घालवतं आणि धावण्यात मांडी ओढून बसतं.

त्याच पोराला "तीन महिन्यांत तीन इंच" म्हणत पावडर विकली जाते. बारला लोंबकळायला सांगतात, बुटात घालायच्या चकत्या विकतात. अठरा वर्षांच्या पोराच्या हाडांतल्या चकत्या बहुधा मिटलेल्या असतात. कुठलीही पावडर त्या उघडत नाही. हे विकणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी. ते गरिबाच्या घरातले पैसे उघड उघड लुटतात.

उंचीचा मोठा वाटा आई-बापांकडून येतो. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के आनुवंशिक असतो. डॉक्टर एक साधा हिशेब करतात : आई-वडिलांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, आणि दोनने भागायचं. वडील १६५, आई १५२, तर मुलाचा अंदाज येतो १६५. खरी उंची याच्या आठेक सेंटिमीटर इकडे-तिकडे पडते. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराने हा हिशेब आठवीतच मांडावा. कमी येतोय असं दिसलं तर पोराला दुसरी एखादी वाट दाखवायला चार वर्षं मिळतात.

राहिलेल्या हिश्शावर मात्र आपला हात आहे, आणि तिथेच उंची चोरीला जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. तीनातलं एक. जिमचं दार त्यांनी पाहिलेलंही नाही. आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत जे अन्न मिळालं नाही, जे जुलाब वारंवार झाले, त्यात ती उंची गेली. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी वीस सेंटिमीटरने उंचावल्या. तिथे अन्न सुधारलं, पाणी सुधारलं, आजार आटोक्यात आले. व्यायाम बंद करून कुठल्याही देशाची उंची वाढलेली नाही.

या जिल्ह्यात ही चोरी दरवर्षी डोळ्यांसमोर होते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडून, मराठवाड्याकडून ऊसतोड टोळ्या येतात. फडाशेजारी पालाच्या झोपड्या पडतात. त्यात तान्ही पोरं असतात, गरोदर बायका असतात, दहा-बारा वर्षांच्या मुली असतात ज्या धाकट्याला सांभाळतात, पाचट आवरतात, मोळीला हात लावतात. अंगणवाडी गावाकडे राहिली, शाळा गावाकडे राहिली, पाच-सहा महिने जे मिळेल ते खायचं. जपानच्या त्या दुर्गम भागातली मुलं आज बघायची असतील तर शिरोळ-हातकणंगल्याच्या फडात बघा. ज्या घरातल्या डायनिंग टेबलावर पोराच्या पाच किलोच्या डंबेलची काळजी चालते, त्या घरात साखर या पोरांच्या आई-बापांच्या कष्टातून येते. त्यांच्या उंचीबद्दल आपण कधी बोलणार?

आता तालमीकडे आणि जिमकडे वळतो, कारण तिथेही सगळं ठीक नाही. व्यायामाला मी निर्दोष म्हटलं, व्यायामशाळेत चालणाऱ्या सगळ्याच गोष्टींना नाही.

पहिली गोष्ट वजन तोडणं. मैदानी कुस्तीत जोड नजरेने आणि नावाने लागायची. शालेय आणि राज्य स्पर्धा वजनगटावर चालतात, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराला एक-दोन किलो उतरवून खालच्या गटात बसवायचा मोह होतो. मग जेवण बंद, पाणी बंद, अंगात जाड कपडे घालून पळणं. वाढीच्या वयात हे करणं गुन्हा मानला पाहिजे. अमेरिकेतल्या किशोरवयीन कुस्तीगीरांच्या अभ्यासात दिसलं की हंगामात उपासामुळे वाढीला लागणारी काही संप्रेरकं आणि ताकद दोन्ही घसरली. हंगाम संपून पोटभर जेवण सुरू झाल्यावर ती सावरली. म्हणजे शरीर माफ करतं, पण प्रत्येक वेळी करेलच याची हमी कुणी देऊ नये. १९९७ च्या अखेरीस तिथे वजन उतरवताना तीन कॉलेज कुस्तीगीर महिनाभरात दगावले, तेव्हा नियम बदलले. आपल्याकडे पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमने बाद झाली तेव्हा देश हळहळला. पण शालेय स्पर्धेच्या आदल्या रात्री उपाशी झोपणाऱ्या पोराबद्दल कुणी काही बोललं नाही. वस्ताद, हे तुमच्या हातात आहे. चौदा वर्षांचं पोरगं ज्या वजनाचं आहे त्या वजनात लढवा. हरू दे.

दुसरी गोष्ट इंजेक्शन. इथे उंची खरोखर खुंटते आणि नेमकं याच्याबद्दल घरात कुजबुजही होत नाही. स्टेरॉइड म्हणजे बाहेरून दिलेलं पुरुषी संप्रेरक. ते वाढत्या पोराच्या शरीरात गेलं की त्यातल्या बऱ्याच प्रकारांचं शरीरातच इस्ट्रोजेन होतं, आणि ग्रोथ प्लेट मिटवण्याचा हुकूम इस्ट्रोजेनच देतं. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची हकीकत छापली. इस्ट्रोजेनचा हुकूम त्याच्या पेशींना जन्मतःच ऐकू येत नव्हता. तो २०४ सेंटिमीटर उंच झाला होता, हाडांच्या चकत्या अजून उघड्या होत्या आणि वाढ चालूच होती. पंधराव्या वर्षी इंजेक्शन घेणाऱ्याचं बरोबर उलटं होतं. हुकूम वेळेआधी सुटतो, चकत्या मिटतात. दंड फुगतात आणि उंची तिथेच थांबते, कायमची. शिवाय वृषण आखडतात, यकृतावर आणि हृदयावर ताण येतो, मनाचा तोल जातो. याच्या जोडीला मेफेंटरमाईन. भूल देताना रक्तदाब पडला तर वापरायचं हे औषध जिममध्ये दम वाढवायला टोचलं जातं. महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे अनेकदा पकडले आहेत. घरचा जो माणूस "वजनं उचलू नको" म्हणतो, त्याने पोराच्या बॅगेत सिरिंज आहे का ते आधी बघावं. आणि जो जिमवाला अल्पवयीन पोराला असलं काही देतो, त्याच्या जिमला कुलूप लागलं पाहिजे.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्यावर आळ दुहेरी आहे : उंची खुंटेल आणि अंग पुरुषी होईल. दोन्ही खोटं. मुलीच्या शरीरात स्नायू फुगवणारं संप्रेरक मुलाच्या मानाने फारच थोडं असतं. ती ताकदवान होते, दंड फुगत नाहीत. आणि पुढे साठीत ज्यांची हाडं ठिसूळ होऊन खुब्यात मोडतात त्यांत बायकाच जास्त. त्या म्हातारपणाची शिदोरी बाराव्या-तेराव्या वर्षी बांधली जाते. ज्या मुलीला आपण "आता मोठी झालीस, उड्या मारू नको" म्हणून घरात बसवतो, तिच्या हाडांचा घास आपण काढून घेतो. जिल्ह्यातल्या मुली आज मॅटवर कुस्ती लढतात, बार उचलतात. त्यांच्या आयांनी शेजारणींचं ऐकलं नाही, म्हणून.

करायचं कसं, तेही सांगतो. सात-आठ वर्षांचं पोरगं सांगितलेलं ऐकतं आणि तसं करतं, एवढं झालं की सुरुवात करता येते. आधी अंगाचंच वजन : बैठका, जोर, दोरी, मल्लखांब. मग रिकामी काठी घेऊन हालचाल शिकायची. हालचाल सुबक झाली की हलकं वजन, जे दहा-बारा वेळा न वाकडं होता उचलता येईल असं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. वाढवायचं तेही थोडं थोडं. "बघू किती उचलतोस" ही पैज मोठं होईपर्यंत बंद. घरी आणलेल्या डंबेलशी एकट्याने खेळणं बंद, कारण लहान मुलांना वजनांची इजा होते ती बहुधा बोटावर किंवा पायावर पडून. मनगट, कोपर, गुडघा एकाच जागी सतत दुखत असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हृदयाच्या स्नायूचा आजार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी परवानगी घ्यायची. लहान वयात दंड फुगणार नाहीत, ताकद मात्र वाढेल, कारण त्या वयात मेंदू स्नायूंना कामाला लावायला शिकतो. आरशात काही दिसलं नाही म्हणून पोरगं नाराज झालं तर त्याला हे समजावून सांगा, नाहीतर ते सिरिंजवाल्याकडे जाईल.

खायला घाला. गंगावेशच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देणारं हे गाव आहे. अंडी, डाळ, शेंगदाणे, मटण, जे घरात चालतं ते. महागड्या डब्यातल्या पावडरीची या वयात गरज नाही. आणि झोपू द्या. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत सगळ्यात जास्त सुटतं. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल बघणाऱ्या पोराच्या उंचीची काळजी असेल तर आधी तो मोबाईल काढून घ्या.

शेवटची मागणी शाळांकडे. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाची उंची सकाळच्या तासाला, अनवाणी, एकाच पट्टीवर मोजा आणि वहीत मांडा. वयात येण्याआधी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मुलगा वयात येताना एखाद्या वर्षी नऊ-दहाही वाढतो. वाढ चालू असायच्या वयात एखादं मूल वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढलं नाही, तर कदाचित त्याला थायरॉइडचा त्रास असेल, वाढीचं संप्रेरक कमी पडत असेल, आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे, पण चकत्या मिटायच्या आत. अशा मुलाच्या घरी "जिममुळे झालं" म्हणून जिम बंद करतात आणि वाट बघतात. त्यात दोन वर्षं जातात आणि मग औषधाचा उपयोग उरत नाही. डाव्या हाताच्या मनगटाचा एक साधा एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं, चकत्या किती उघड्या आहेत ते कळतं. रक्ताच्या दोन-चार तपासण्या. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात जा, बालरोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना शाळेतली ती दोन वर्षांची नोंद घेऊन जा. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.